जुना बेस घेताना, विकताना : वाचकांचे प्रश्न

या अंकात सेकंडहँड बेस गिटार, अ‍ॅम्प आणि कॅब (स्पीकरचं खोकं) यांबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. सारख्या आशयाच्या पत्रांतून एकच प्रश्न निवडला आहे.

प्रश्न : ऑनलाइन जाहिरात पाहून एक जॅझ बेस (फेंडरचं एक मॉडेल) घ्यायचं ठरवतोय. विकणारा ठाण्यात राहतो, घरी येऊन बघा म्हणतो. मी शिकायला लागून वर्षच झालंय. अर्ध्या तासात नेमकं काय बघू?
– एक वाचक, डोंबिवली

त्यातली पंधरा मिनिटं नेकला, म्हणजे लांब दांड्याला, द्या. पिकअप (तारांखालची, आवाज उचलणारी चुंबकं), नॉब, जॅक, ट्यूनर हे सगळं नंतर बदलता येतं आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. नेक पिळलेला असेल किंवा ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) गेलेला असेल, तर दुरुस्तीचा खर्च बेसच्या किमतीच्या पुढे जातो. फ्रेटबोर्ड उखडून रॉड बदलणारा कारागीर मिळाला तरी मध्यम किमतीच्या बेसवर तो खर्च करण्यात अर्थ नसतो.

सोबत स्वतःची केबल, क्लिप ट्यूनर, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली सहा इंची स्टीलची पट्टी आणि एक व्हिजिटिंग कार्ड न्या. बेस हातात आल्यावर आधी ई-ए-डी-जी या चारही तारा नीट ट्यून करा. ढिल्या तारांवर नेक बघून काहीच कळत नाही. तारा आधीच उतरवून ठेवलेल्या दिसल्या तर का, ते विचारा.

मग बॉडीकडून एक डोळा मिटून नेकवरून नजर टाका. पहिला आणि शेवटचा फ्रेट (नेकवरची आडवी धातूची पट्टी) समांतर दिसायला हवेत. एकाचा कोपरा वर, दुसऱ्याचा खाली असं दिसलं तर नेक पिळलाय. चहा पिऊन निघा. समांतर असतील तर डाव्या हाताने ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि उजव्या हाताने नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर. आता ती तारच सरळ पट्टीचं काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे ०.३ मिमीच्या आसपास फट हवी. मिलिमीटरभर फट म्हणजे नेक तारांच्या ओढीने पुढे वाकलाय. फट अजिबात नसेल तर तो मागे गेलाय.

दोन्ही गोष्टी ट्रस रॉडने सुधारतात, पण रॉड फिरतो का ते कळायला हवं. विकणाऱ्यालाच पाव फेरा फिरवून दाखवायला सांगा. तुम्ही हात लावू नका, तुमच्या हातून रॉडचा नट सरकला तर बेस तुमच्या गळ्यात पडेल. एलन की बसण्याचा खाचा गोल झालेला असेल, नट आवळून संपला तरी फट कमी होत नसेल, किंवा पूर्ण ढिला करूनही नेक मागेच राहत असेल, तर कितीही स्वस्त मिळत असला तरी तो बेस घेऊ नका.

नंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. चार तारा, वीस-एकवीस फ्रेट, तीन-चार मिनिटांचं काम आहे. एखाद-दोन ठिकाणी तार फ्रेटला घासून झणझणली तर सेटअपने, म्हणजे नेक आणि तारांची उंची जुळवून, जाते. फक्त शेवटच्या पाच-सहा फ्रेटवरच झणझण असेल, तर नेकचं टोक बॉडीपाशी वर उचललं गेलंय. ते रॉडने जात नाही, तिथले फ्रेट घासावे लागतात. त्याचे पैसे किमतीतून कमी करून मागा. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा सूर लवकर विरत असेल तर घाबरू नका. स्क्रूने जोडलेल्या नेकच्या या घराण्यात तो जन्मजात असतो, नव्याकोऱ्या बेसलाही असतो.

नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीलाही नट म्हणतात, तिची रुंदी मोजा. जॅझ बेसचा नट सहसा ३८ मिमी असतो, फेंडरच्या दुसऱ्या मॉडेलचा, प्रिसिजनचा, ४१-४२ मिमी. जाहिरातीत जॅझ लिहिलंय आणि नट ४२ निघाला तर नेक बहुधा बदललेला आहे. बदललेला नेक वाईटच असतो असं नाही, पण ओरिजिनलचा भाव त्याला देऊ नये. सिरियल नंबरही बघा. स्क्वायरवर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) ‘आयसीएस’ने सुरू होणारा नंबर इंडोनेशियाचा. साधारण २०१० पासूनच्या फेंडरवर अमेरिकेतल्या कारखान्याला ‘यूएस’ आणि मेक्सिकोतल्याला ‘एमएक्स’ ही अक्षरं असतात. हेडस्टॉकवरचं (ट्यूनर असतात त्या टोकावरचं) स्क्वायर घासून वर फेंडरचं स्टिकर चढवलेले बेस बाजारात फिरतात. त्यामुळे नाव, नंबर आणि ‘मेड इन’ ही तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत.

अ‍ॅम्पला लावून नॉब फिरवताना खरखर आली तर ती धूळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांत जाते. भाव पाडायला मात्र ती उपयोगी पडते. केबल जॅकमध्ये हलवून आवाज तुटतो का, ते बघा. मुंबई-कोकणातल्या बेसवर ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकतात तो भाग) सॅडलमधले, म्हणजे तारा टेकतात त्या तुकड्यांतले, बारीक स्क्रू हमखास गंजलेले असतात. प्रत्येक स्क्रू १.५ मिमीच्या एलन कीने जरासा फिरतो का, तेवढं तपासा. आठही स्क्रू जाम असतील तर नवा ब्रिज लागणार असं समजून हिशोब करा.

प्रश्न : जुना अ‍ॅक्टिव्ह बेस घेतला. नवी ९ व्होल्टची बॅटरी टाकली की तीन आठवड्यांत अर्ध्या तासाच्या वाजवण्यानंतर आवाज फाटायला लागतो. थोडा वेळ ठेवून दिला की पुन्हा ठीक. प्रीअ‍ॅम्प गेलाय का?
– एक वाचक, कोल्हापूर

प्रीअ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह बेसच्या आतलं बॅटरीवर चालणारं सर्किट, ठीक असावा. थकलेल्या बॅटरीचं हेच लक्षण आहे: वाजवताना व्होल्टेज खाली येतं, विश्रांती मिळाली की थोडं वर चढतं. बहुतेक सर्किटमध्ये ते ७ व्होल्टच्या खाली गेलं की आवाज फाटू लागतो. बॅटरी इतक्या लवकर का संपते, हे शोधायचं आहे.

अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये वेगळा स्विच नसतो. जॅक स्टिरिओ असतो आणि बॅटरीची मायनस वायर त्याच्या मधल्या टोकाला जोडलेली असते. साधी मोनो केबल आत गेली की तिच्या दांड्याने ते टोक अर्थला मिळतं आणि सर्किट चालू होतं. म्हणजे केबल लावलेली तोवर बॅटरी चालू, तुम्ही वाजवा किंवा नका वाजवू. चांगल्या अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतात. प्रीअ‍ॅम्प एक मिलिअँपिअर खात असेल तर ५०० तास, म्हणजे सलग एकवीस दिवस. तुमचे तीन आठवडे इथेच जुळतात.

रात्री केबल काढून ठेवत असाल तरीही हेच होत असेल, तर आधीच्या मालकाने जॅक बदलताना मोनो बसवला असणार आणि मायनस वायर थेट अर्थला डकवली असणार. तपासायचं असं: बॅटरीच्या क्लिपचं मायनस टोक सोडवा, प्लस राहू द्या. मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून बॅटरीचं मायनस आणि क्लिपचं मायनस यांच्यामध्ये जोडा. केबल नसताना आकडा शून्य हवा. केबल घातल्यावर अर्धा ते दोन मिलिअँपिअर ठीक आहे. केबलशिवाय आकडा दिसला तर स्टिरिओ जॅक आणून बसवा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात सहज मिळतो. टोकं ओळखताना मोनो केबल आत घालून कुठलं टोक कुठे टेकतं ते डोळ्यांनी बघा. अंदाजाने सोल्डर करू नका.

‘हेवी ड्यूटी’ लिहिलेली स्वस्त बॅटरी अल्कलाइन नसते. नाव दमदार, दम कमी.

प्रश्न : चर्चच्या बँडमध्ये वाजवते. माझा सेकंडहँड जॅझ बेस प्रॅक्टिसला ठीक, पण चर्चमध्ये लावला की घूंऽऽ आवाज. तारांना हात लावला की कमी होतो. पिकअप बदलायला सांगतात. बदलू?
– एक वाचक, म्हापसा

पिकअपला हात लावण्याआधी दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून बघा. जॅझ बेसची दोन सिंगल कॉइल पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेली असतात, त्यामुळे दोन्ही सारखी उघडली की घूं कापली जाते. एक थोडं जरी बंद केलं तरी ती परत येते. हा त्या वाद्याचा स्वभावच आहे. दोन्ही पूर्ण उघडूनही फरक पडला नाही, तर एखादं पिकअप कधीतरी बदललेलं आहे आणि जोडी जुळत नाही, एवढं कळलं.

तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो, हे चांगलं लक्षण आहे. तारांचं अर्थिंग शाबूत आहे. (हात लावूनही काही फरक पडला नसता, तर ब्रिजखालची वायर सुटलेली असती. हात लावल्यावर आवाज वाढला असता, तर जॅकवरच्या दोन वायर उलटसुलट असत्या.) तुमच्या बाबतीत घूं हवेतून येते आहे: चोकवाल्या ट्यूबलाइट, पंख्यांचे रेग्युलेटर आणि सर्वांत वाईट म्हणजे दिव्यांचे डिमर. उभ्या जागी नव्वद अंशांत वळून बघा. आवाज स्पष्ट कमी-जास्त झाला तर निदान पक्कं.

उपाय शिल्डिंगचा, म्हणजे आतल्या खोबण्यांना धातूचं अस्तर लावण्याचा आहे. चिकट बाजूही वीज वाहून नेते अशी कॉपर फॉइल टेप आणा, साधारण ५० मिमी रुंद. तारा काढा, नॉबची प्लेट उघडा, पिकअप वर घ्या. नॉबच्या आणि पिकअपच्या खोबण्यांच्या तळाला आणि भिंतींना टेप लावा. पट्ट्या एकमेकींवर ५ मिमी चढू द्या आणि प्रत्येक जोडावर सोल्डरचा एकेक ठिपका द्या. भिंतीवरची टेप वरच्या काठावर जराशी दुमडा, म्हणजे प्लेट बसल्यावर तिला टेकेल. तिन्ही खोबण्या वायरने एकमेकींना आणि पॉटच्या (नॉबखालचा फिरणारा भाग) पाठीवरच्या अर्थला जोडा. मल्टिमीटरवर कुठल्याही खोबणीपासून जॅकच्या बाहेरच्या कड्यापर्यंत एक-दोन ओहमपेक्षा जास्त यायला नको. स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल वापरू नका, तिच्यावर सोल्डर धरत नाही.

सगळं बंद केल्यावर बेस एकदम मुका झाला तर घाबरू नका. जॅकचं सिग्नलचं टोक फॉइलला टेकलंय. केबल घातली की ते टोक बाहेर ढकललं जातं, म्हणून जॅकच्या मागे फॉइलवर इलेक्ट्रिकलची काळी टेप लावून ठेवायची.

एक गोष्ट निराळी. तारांना हात आणि माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या, तर वाजवणं तिथल्या तिथे थांबवा. तो बेसचा दोष नाही, हॉलच्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा स्टेजवरची उपकरणं वेगवेगळ्या सॉकेटवर आहेत. इलेक्ट्रिशियनकडून फेज-अर्थ व्होल्टेज मोजून घ्या, ते फेज-न्यूट्रलएवढंच, २३०च्या आसपास हवं. घूं जाते म्हणून प्लगची जाड तिसरी पिन काढून टाकणारे ‘साउंडवाले’ अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका, त्याने माणूस मरतो.

प्रश्न : पुढच्या वर्षी पुण्याला परत येतोय. इथे जुना बेस अ‍ॅम्प आणि चार दहा-इंचीचा कॅब स्वस्तात मिळतोय. घेऊन यावं का?
– एक वाचक, न्यू जर्सी

कॅब तिथेच राहू द्या. चार दहा-इंचीचा जुना कॅब तीस-चाळीस किलोच्या घरात जातो, आणि त्यात अमेरिकन असं काही नसतं जे इथे मिळत नाही. हेडचं, म्हणजे स्पीकर नसलेल्या सुट्या अ‍ॅम्पचं, उत्तर त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं. ‘१००-२४० व्होल्ट’ असेल तर इथे फक्त पॉवर कॉर्ड बदलायची. हलक्या क्लास-डी हेडपैकी बऱ्याच हेडवर हे असतं, सगळ्यांवर नाही, म्हणून पाठीचा फोटो मागवा. निवडीचा स्विच असेल तर तो फिरवताना फ्यूजही बदलावा लागतो: २३० व्होल्टला करंट निम्मा, म्हणून फ्यूजही साधारण निम्म्या अँपिअरचा. नेमका आकडा बहुधा शेजारीच छापलेला असतो.

नुसतं ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. त्याची क्षमता अ‍ॅम्पच्या आवाजाच्या वॉटवर ठरवायची नाही. पाठीवर लिहिलेला वापर बघायचा आणि त्याच्या दीडपट-दुप्पट घ्यायची. वापर ३०० वॉट असेल तर ५०० ते ६०० व्हीए. तांब्याचा जड ट्रान्सफॉर्मर घ्या, प्रवासात हेअर ड्रायरसाठी विकतात तो कन्व्हर्टर नको. दर शोला सात-आठ किलोचा ठोकळा वाहून न्यायचा आहे, हे लक्षात घेऊनच ठरवा. माझं मत: बेस आणि पेडल आणा. पेडलचे १२० व्होल्टचे अडॅप्टर तिथेच ठेवा. इथे ९ व्होल्टचा, मधली पिन मायनस असलेला अडॅप्टर कुठेही मिळतो.

प्रश्न : माझ्या हेडवर ‘किमान ४ ओहम’ लिहिलंय. ४ ओहमचा एक कॅब होता, त्यात जुना ४ ओहमचा पंधरा-इंची घेतला. दोन्ही लावले की वीस मिनिटांत हेड बंद पडतं. हेडला मागे दोन आउटपुट आहेत, मग चुकलं कुठे?
– एक वाचक, नाशिक

ती दोन आउटपुट आतून एकमेकांना समांतर जोडलेली असतात. दोन ४ ओहमचे कॅब समांतर म्हणजे २ ओहम. हेडकडून मर्यादेच्या दुप्पट करंट खेचला जातो, ते तापतं आणि स्वतःला बंद करतं. बंद होतंय हे नशीब समजा. दोन कॅब लावायचे असतील तर दोन्ही ८ ओहमचे हवेत, त्यांचे मिळून ४ होतात. एक कॅब विका, किंवा एका वेळी एकच लावा.

जुना कॅब घेताना स्टिकरवर विसंबू नका, स्पीकर बदललेले असू शकतात. केबल कॅबमध्ये घालून दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा. मीटर नेहमी छापील आकड्यापेक्षा कमी दाखवतो: ८ ओहमच्या कॅबला साधारण ५.५ ते ७, आणि ४ ओहमच्या कॅबला ३ ते ३.६. बहुतेक चार दहा-इंची ८ ओहमच्या कॅबमध्ये दोन-दोन स्पीकरच्या दोन जोड्या असतात. तिथे ६ ऐवजी १२ आलं तर एक स्पीकर जळलाय आणि त्याच्या जोडीचा दुसराही गप्प आहे. ट्वीटर मीटरला दिसत नाही, त्याच्या आधी कपॅसिटर असतो. तो कानानेच तपासा.

जाळी काढून स्पीकरचा कागद दोन्ही हातांच्या बोटांनी सगळीकडून सारखा दाबत आत ढकला. खरवडल्यासारखं जाणवलं तर कॉइल घासतेय. आणि हेडपासून कॅबपर्यंत गिटारची केबल कधीही वापरू नका. बाहेरून सारखी दिसली तरी आत केसाएवढी वायर असते. १.५ चौरस मिमीची दोन वायरची केबल घ्या.

प्रश्न : जुन्या अ‍ॅम्पचा आवाज मध्येच एकदम खाली जातो, वर थाप मारली की परत येतो. दुरुस्तीवाला बोर्ड बदलायला सांगतोय.
– एक वाचक, पुणे

बोर्डाआधी एक छोटी केबल घ्या आणि मागच्या ‘सेंड’ जॅकमधून ‘रिटर्न’ जॅकमध्ये लावा (बाहेरचे इफेक्ट जोडायची ही जागा). आवाज स्थिर झाला तर बोर्ड ठीक आहे. काही लावलेलं नसताना सिग्नल रिटर्न जॅकमधल्या एका पत्तीवरून जातो, आणि वर्षानुवर्षं न वापरल्याने ती काळी पडते. पॉवर बंद करून जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, प्लग दहा-वीस वेळा आत-बाहेर करा. साधं गंज सोडवणारं तेल मारू नका, ते धूळ धरून ठेवतं. केबल लावूनही आवाज गेलाच, तर मग सुटलेलं सोल्डर शोधायला कारागिराकडे द्या.

प्रश्न : माझा मध्यम किमतीचा बेस विकायचाय. पिकअप बदललेत, त्यावर बराच खर्च केलाय. किंमत काय लावू आणि बाहेरगावी कसा पाठवू?
– एक वाचक, सोलापूर

तुम्ही घेतला तेव्हाची किंमत विसरा. तेच मॉडेल आज नवं दुकानात प्रत्यक्ष कितीला मिळतं ते बघा. नावाजलेल्या कंपनीचा, स्वच्छ, बिल असलेला बेस त्याच्या ५५ ते ६५ टक्क्यांत निघतो. कमी माहितीतल्या नावाला चाळीसच्या वर गिऱ्हाईक मिळणं कठीण. बदललेल्या पिकअपचे पैसे वसूल होत नाहीत. जुनी जपून ठेवली असतील तर तीच परत बसवा आणि नवी वेगळी विका, एकूण जास्त येतात. विकण्याआधी जॅक घट्ट करा, पॉट साफ करा, फ्रेट आणि फ्रेटबोर्ड पुसा, बाराव्या फ्रेटवर ई तार अडीच मिमीच्या आसपास येईल असा सेटअप करा. पॉलिश, रंग, फ्रेट घासणं यात पैसे घालू नका.

जाहिरातीत उजेडातले फोटो द्या: समोरून, मागून, सिरियल नंबर, नेकवरून टाकलेली नजर, आणि प्रत्येक टवका जवळून. वजन किलोत लिहा, चार किलोचा बेस आणि पाच किलोचा बेस यांचे गिऱ्हाईक वेगळे असतात. टवके आधीच दाखवले की घरी येऊन घासाघीस करणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

न बघता लगेच पूर्ण किंमत देऊ करणारा आणि क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ म्हणणारा भामटा असतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो.

पाठवताना तारा एक-दोन फेरे उतरवा, पूर्ण सोडू नका. बॅटरी काढा. तारा आणि फ्रेट यांच्यामध्ये जाड कापड सरकवा, हेडस्टॉकच्या खाली आणि मागे फोम भरा. पडल्यावर तडा तिथेच जातो. गिग बॅग जाड खोक्यात, आणि खोकं हलवलं की आत काहीच हलता कामा नये. स्क्रूने जोडलेला नेक काढून वेगळा गुंडाळला तर खोकं लहान होतं आणि धोकाही कमी, पण घेणाऱ्याला ते परत जोडता येईल का हे आधी विचारा. पॅक करतानाचा सलग व्हिडिओ काढा आणि कुरिअरच्या पावतीवर खरी किंमत लिहून विमा घ्या.

प्रश्न : जुन्या बेसवरच्या तारा उकळून परत वापरता येतात म्हणे. खरं का?
– एक वाचक, रत्नागिरी

येतात, पण आवाजातली चकाकी काही दिवसच टिकते. पाण्याने आतल्या गाभ्याला गंज धरतो, आणि रत्नागिरीच्या हवेत तो आणखी लवकर धरेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून ठेवल्या तर मळ निघतो आणि गंजही धरत नाही. आगीपासून मात्र लांब ठेवा. नव्या घेणार असाल तर आधी होत्या त्याच जाडीच्या घ्या, सहसा ४५-१०० किंवा ४५-१०५ (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तार, इंचाच्या हजाराव्या भागात), म्हणजे सेटअप फारसा हलत नाही. ट्यूनरच्या खुंटीपुढे दहा-बारा सेंटिमीटर तार सोडून ती आधी काटकोनात वाकवा आणि मगच वाकाच्या पुढे कापा. सरळ तार कापली तर वरचा वेढा आतल्या गाभ्यावर सैल होतो आणि नवी तारही पहिल्या दिवसापासून मेल्यासारखी वाजते.